बंदी उठली, पण पुस्तक कुठंय?

परवा आमच्या गावच्या वाचनालयात सहज विचारलं, जेम्स लेनचं शिवाजी महाराजांवरचं पुस्तक आहे का? ग्रंथपाल ओळखीचे. त्यांनी आधी दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाले, "अहो, त्याच्यावर बंदी आहे ना?"

नाही. बंदी २०१० सालीच उठलीय. खरं सांगतो, खात्री करायला मलाही जुनी कात्रणं काढावी लागली.

पुस्तक २००३ सालचं, ऑक्सफर्डनं छापलेलं. महाराजांच्या मातापित्यांबद्दलच्या एका ऐकीव कुजबुजीचा उल्लेख त्यात आहे. लोक दुखावले, आणि त्यात चूक काही नाही. पहिला आक्षेप घेतला तो पुण्याच्या इतिहास अभ्यासकांनी, पुस्तक वाचून, रीतसर पत्र लिहून. नोव्हेंबर २००३ मध्ये प्रकाशकानं भारतातली विक्री थांबवली. विषय तिथं संपायला हवा होता.

५ जानेवारी २००४ ला संभाजी ब्रिगेडचे कार्यकर्ते पुण्याच्या भांडारकर संस्थेत घुसले. संस्थेचा दोष काय? लेननं प्रस्तावनेत तिचे आभार मानले होते, एवढाच. ज्या संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, तिथली कपाटं उलथली, ग्रंथ आणि पोथ्या जमिनीवर आल्या. म्हणजे राग एका पुस्तकाचा आणि मार खाल्ला भलत्याच पुस्तकांनी! गजानन मेहेंदळ्यांनी तर उद्वेगानं स्वतःच लिहीत असलेल्या शिवचरित्राची पानं फाडून टाकली. मला त्या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत जास्त टोचते. महाराजांवर आयुष्य घालवलेला माणूस तो.

त्यानंतर त्याच महिन्यात सरकारनं बंदी घातली. बाजारातून आधीच गेलेल्या पुस्तकावर! संघराज रूपवते आणि इतर मंडळी कोर्टात गेली. एप्रिल २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली. सरकार अपिलात गेलं, ९ जुलै २०१० ला सर्वोच्च न्यायालयातही हरलं. नेमक्या कोणत्या गटांत वैर वाढेल, हेच अधिसूचनेत धड लिहिलेलं नव्हतं.

हे सगळं ग्रंथपालांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "असेल हो. पण उद्या कुणी दगड मारला तर काच कोण बसवणार? अनुदान कधी येतं ते तुम्हाला माहितीच आहे."

त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटेना. त्यांच्या जागी मी असतो तर कपाटात ठेवलं असतं का, सांगता येत नाही. बंदी घालायला सरकारला अधिसूचना लागते, कारण द्यावं लागतं, ते कोर्टात टिकवावं लागतं. इथं काहीच लागत नाही. पुस्तक फक्त मागवायचं नाही.

वाचनालयात वाचकांच्या मागणीची एक वही असते. त्यात स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांखाली मी लेनचं नाव लिहून सही करून आलोय. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे.