माहेरघरात राबते कोण?

पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणतात. हा शब्द ज्याने योजला, त्याला माहेर म्हणजे काय हे पक्के ठाऊक असावे. माहेरी आलेली लेक काय करते? काहीच करत नाही. उशिरा उठते, झोपाळ्यावर बसते, आयता चहा घेते आणि एक दिवस डबे भरून घेऊन सासरी जाते. पुण्यात आलेली विद्या नेमके हेच करते. अलीकडे तिचे सासर कॅलिफोर्नियात असते, इतकाच फरक.

आता प्रश्न असा, की लेक झोपाळ्यावर असताना स्वयंपाकघरात राबते कोण? मी अर्थशास्त्राचा पदवीधर. तरीही हा प्रश्न सुचायला मला पन्नास वर्षे लागली.

विद्या आणि पोट यांची पुण्यातली सोयरीक तशी जुनी. पेशवे श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटत. पेशवाई बुडाली, पण दक्षिणेचा फंड तरला. त्यातूनच 1821 साली इंग्रजांनी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. 1854 साली इंजिनियरिंगचा वर्ग निघाला, तो काही ज्ञानाची तहान लागली म्हणून नव्हे. सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची माणसे हवी होती. म्हणजे 'शिकून नोकरी लागेल ना?' हा आमच्या वडिलांचा प्रश्न सरकारने शंभर वर्षे आधीच सोडवून ठेवला होता.

पुढे 1880 साली न्यू इंग्लिश स्कूल, 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि 1885 साली फर्ग्युसन कॉलेज निघाले, तेव्हा व्यवहार उलटा झाला. वीस वर्षांची बांधिलकी, पगार महिना 75 रुपये, या बोलीवर गोखल्यांसारखी माणसे शिकवायला उभी राहिली. देशभक्तीइतका स्वस्त आणि कामसू मजूर जगात दुसरा नाही! त्या त्यागाचा इतिहास झाला, पुतळे झाले, आणि ते योग्यच झाले. मात्र त्याच शाळांत घंटा देणाऱ्या शिपायाचा पुतळा मी तरी पाहिलेला नाही.

शिकणाऱ्यांचे तर विचारूच नका. गरिबाचा मुलगा वार लावून जेवायचा. सोमवारी वकिलांकडे, मंगळवारी मामलेदारांकडे, बुधवारी लांबच्या आत्याकडे. मुलगा पुढे मोठा झाला की 'मी वार लावून शिकलो' असे सभेत सांगायचा आणि टाळ्या घ्यायचा. सात घरच्या सात बायकांनी मिळून त्याची पदवी शिजवली होती, हे टाळ्यांच्या आवाजात ऐकू येत नसे.

यथावकाश पुण्याला 'पूर्वेचे ऑक्सफर्ड' ही आणखी एक पदवी मिळाली, तीही परीक्षा न देता. गंमत अशी, की खुद्द ऑक्सफर्डात विल्यम मॉरिस नावाच्या सायकल-दुरुस्तीवाल्याने 1913 साली काउलीला मोटारी बांधायला घेतल्या, आणि काळे झगे घातलेल्या प्राध्यापकांपेक्षा निळे डगले घातलेले कामगार तिथे कितीतरी जास्त झाले. म्हणजे उपमा देणाराला वाटले त्याहून ती खरी निघाली. पुणे विद्यापीठ निघाले 1949 साली. बॅरिस्टर जयकर पहिले कुलगुरू आणि बिऱ्हाड गणेशखिंडीत, गव्हर्नराच्या बंगल्यात. पण खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना 1869 चा. म्हणजे तोफेचा गोळा विद्यापीठाहून 80 वर्षांनी थोरला! मागाहून 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग बजाज, टेल्को. सदाशिव पेठेत आम्ही ऱ्हस्व-दीर्घावर तावातावाने भांडत होतो, तेव्हा पहाटेच्या पाळीला निघालेल्या सायकली आमच्या झोपमोडीला तेवढ्या कारण होत.

मी 1967 च्या जूनमध्ये पुण्यात आलो आणि काकूंच्या खाणावळीत दाखल झालो. दोन वेळचे महिना 45 रुपये, रविवारी सकाळी गोड आणि रात्री सुट्टी. काकू अकाली विधवा झालेल्या. पदरी दोन मुले, घरात एक पेन्शनर दीर, वरच्या खोलीत आम्ही चौघे भाडेकरू आणि पंगतीला एकूण 22 पोरे. रोज दोनशेवर पोळ्या. परीक्षेच्या दिवसांत रात्री अकराला ताट झाकून ठेवायच्या आणि वर "अभ्यास झाला का रे?" हेही विचारायच्या.

1971 च्या मार्चमध्ये जनगणनेचे गुरुजी आले. माझी बी.ए.ची परीक्षा तोंडावर होती. गुरुजींनी विचारले, "काकू, आपला मुख्य व्यवसाय?"

काकू हातातले उलथणे तसेच धरून म्हणाल्या, "माझा कसला आलाय व्यवसाय? मी घरीच असते."

गुरुजींनी 'घरकाम' असे लिहिले. दीर पेन्शनर, मुले शाळेत, आम्ही चौघे विद्यार्थी. त्या घरातून रोज 22 जण दोन वेळा जेवून उठत होते, आणि सरकारदरबारी तिथे काम करणारा माणूस एकही नव्हता! मी तिथेच पाटावर बसून चौथी पोळी खात होतो. बोललो नाही. पुढच्याच महिन्यात श्रमशक्तीची व्याख्या मी पेपरात बिनचूक लिहिली. मार्कही चांगले पडले.

नंतर 1983 साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदान इंजिनियरिंग कॉलेजांना दार उघडले, आणि गावोगावची मुले पुण्यात लोटली. त्यांच्यामागून मेस आल्या, झेरॉक्सवाले आले, 'पेइंग गेस्ट' नावाखाली अर्ध्या पुण्याने आपली माडी भाड्याने दिली. मग हिंजवडीला काचेच्या इमारती उठल्या. विद्यापीठाला 2014 साली सावित्रीबाईंचे नाव मिळाले. शिक्षणासाठी शेणमाती झेलणाऱ्या बाईची तेवढी तरी नोंद झाली.

काकू गेल्या. त्या आजारी असल्याचे मला कळले होते. भेटायला जाणे राहून गेले. पुण्यात राहूनही.

परवा हिंजवडीला नातवाच्या फ्लॅटवर होतो. डबा घेऊन एक बाई आल्या. म्हटले, "ताई, तुम्ही काय करता?"

"काही नाही हो. घरीच असते. पंधरा डबे करते, एवढंच."

"अहो, काही नाही काय! याला काम म्हणतात!" माझा आवाज जरा चढलाच असावा.

बाई दचकल्या. डब्याकडे पाहत म्हणाल्या, "का हो आजोबा? भाजीत मीठ कमी झालं का?"