बर्फ दाबाने निसरडा होतो?

बर्फावरून पाय का घसरतो, याचे ठरलेले उत्तर अनेकांना शाळेपासून पाठ असते. स्केटचे पाते अरुंद, म्हणून त्याखालचा दाब प्रचंड; दाबाने बर्फाचा द्रवणांक उतरतो, पाण्याचा पातळ थर सुटतो आणि माणूस घसरत जातो. उत्तर देखणे आहे, आणि घराणेही मोठे. दाबाने द्रवणांक खाली येईल हे जेम्स थॉमसनने 1849 मध्ये गणिताने सांगितले. त्याचा भाऊ विल्यम, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, याने ते वर्षभरात प्रयोगाने पडताळले. डब्लिनच्या जॉन जोलीने 1886 मध्ये तेच तत्त्व स्केटिंगला लावले. बर्फ पाण्यापेक्षा सुमारे नऊ टक्के जास्त जागा अडवतो, तेव्हा दाबल्यावर त्याने पाण्याकडे वळावे यात गैर काही नाही. माझी हरकत आकड्यांना आहे.

दाब एका वातावरणाने वाढला की द्रवणांक जेमतेम 0.0074 अंशाने उतरतो. सत्तर किलोंचा माणूस एका पात्यावर उभा आहे. पाते तीन मिलिमीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर लांबीभर टेकलेले. दाब भरतो बारा वातावरणांच्या आसपास, म्हणजे द्रवणांक अंशाच्या दहाव्या हिश्शाइतकाही हलत नाही. पूर्वपक्ष म्हणेल, सगळे पाते टेकतेच कुठे, फक्त धार टेकते. मान्य. जोलीनेही तसेच धरून 466 वातावरणे दाब काढला, आणि तरीही तो उणे साडेतीन अंशांपाशीच थांबला. लडाखमधल्या गोठलेल्या तळ्यांवर पारा उणे पंधराला गेला म्हणून आइस हॉकीपटूंचे स्केट रुतून बसत नाहीत. त्या थंडीत नुसत्या दाबाने बर्फ वितळवायचा तर सुमारे दीड हजार वातावरणे हवीत; त्याआधी बर्फच चिरडला जाईल.

त्याच खेळातली रबराची चकती, पक, तर या उपपत्तीची पुरती अडचण करते. वजन सुमारे 170 ग्रॅम, व्यास साडेसात सेंटिमीटर, तळ सपाट. तिचा दाब एका वातावरणाच्या अडीचशेव्या हिश्शाहूनही कमी, आणि तरी ती बर्फावरून सुसाट जाते. धार नाही, वजन नाही; मग वितळवले कोणी?

बाउडेन आणि ह्यूज यांनी 1939 मध्ये घर्षणाच्या उष्णतेकडे बोट दाखवले, आणि ते बरेचसे बरोबर होते. उष्णता चटकन वाहून नेणारा धातू बर्फावर जास्त अडतो, एबोनाइट सहज सरकतो; दाबाच्या हिशेबात या फरकाला जागाच नाही. पण घर्षणाला आधी हालचाल लागते. बर्फावर नुसते उभे राहणाऱ्याचाही पाय सुटतो, त्याचे काय?

इथे मायकेल फॅरडे आठवावा लागतो. बर्फाच्या पृष्ठभागावर शून्याखालीही द्रवासारखा थर असतो, असे तो 1850 मध्येच म्हणाला होता. बर्फाचे दोन तुकडे टेकवले की चिकटतात, ते त्यामुळे. जेम्स थॉमसनने यालाही दाबाचेच कारण दिले. तेव्हा फॅरडेने पाण्यात तुकडे हलकेच टेकवून, जवळजवळ दाबाविना, ते चिकटतात हे दाखवले. अणुरेणूंच्या भाषेत आज कारण सांगता येते: आतल्या रेणूला चारही बाजूंनी शेजारी धरून ठेवतात, वरच्याला बाहेरच्या बाजूने कोणी नाही, म्हणून तो सैल असतो. थंडी वाढेल तसा हा सैलपणा आटतो. उणे शंभर अंशांना बर्फ जवळपास निसरडा उरत नाही. उलट शून्याच्या अगदी जवळ तो मऊ पडतो आणि पाते रुतते. 2018 मध्ये अॅमस्टरडॅमच्या संशोधकांना घर्षण सर्वांत कमी आढळले ते उणे सातच्या सुमारास. दाब हेच कारण असते तर शून्याजवळचा बर्फ सर्वांत सोयीचा ठरायला हवा होता.

राहिला वर्गातला वजने टांगलेल्या तारेचा प्रयोग. तार लादीतून आरपार जाते आणि बर्फ मागे पुन्हा जुळतो, हे खरेच. पण लादी शून्याच्या आसपास असते आणि तार उष्णता वाहणारी असते. तांब्याऐवजी नायलॉनचा दोरा लावून पाहावा, गती लगेच मंदावते.

थॉमसनच्या तत्त्वाला खरे काम मिळते ते हिमनदीच्या तळाशी. किलोमीटरभर बर्फाच्या भाराखाली द्रवणांक सुमारे 0.7 अंशाने उतरतो. तळ आधीच त्या उंबरठ्यावर असेल, तर खडकाच्या चढत्या अंगाला जास्त दाबाने बर्फ वितळतो, पाणी वळसा घालून पलीकडे जाते आणि दाब कमी होताच तिथे गोठते. लहान अडथळे हिमनदी अशा रीतीने ओलांडते.