विषारी शेवाळाची साक्ष

दक्षिण ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या मुखाशी अलेक्झांड्रिना नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याचे पाणी पिऊन गुरे-मेंढ्या मरत असल्याचा वृत्तांत ॲडलेडचे रसायनज्ञ जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ साली ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध केला. पाण्यावर हिरव्या तैलरंगासारखा दाट तवंग साचला होता. फ्रान्सिस वर्णनावर थांबले नाहीत. त्यांनी तो तवंग एका मेंढीला पाजला, पंधरा तासांत ती मेली आणि तिचे शवविच्छेदन झाले. रीत निष्ठुर खरी. पण नील-हरित शेवाळाच्या (शास्त्रदृष्ट्या हे जीवाणूच, सायनोबॅक्टेरिया) विषपरीक्षेचा पाया तिनेच घातला. पुढे मेंढीच्या जागी उंदीर आला, एवढेच.

उंदीर विष आहे की नाही हे सांगे, कोणते ते सांगत नसे. शिवाय त्याच्याकडे किती वेळ पाहत राहावे, हा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो.

१९७९ च्या नोव्हेंबरात क्वीन्सलँडच्या पाम बेटावर १४८ जण आजारी पडले. त्यांपैकी १३८ मुले होती. उलट्या, सुजलेले यकृत, मग मूत्रपिंडांची बिघडलेली क्रिया. सुदैवाने सारे बरे झाले. कारण मात्र उमगेना. रोग झाला तो सॉलोमन धरणाचे पाणी पिणाऱ्या घरांतच. काही दिवसांपूर्वी शेवाळ मारण्यासाठी त्या धरणात मोरचूद टाकला होता, आपल्या द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणासाठी लागतो तोच. पेशी फुटल्या आणि आतील विष पाण्यात उतरले, असे अनुमान पुढे निघाले. धरणातून नंतर वेगळ्या काढलेल्या सिलिंड्रोस्पर्मोप्सिस या जातीने उंदरांचे यकृत नासवले, हे १९८५ साली प्रसिद्ध झाले. तरी दोष मोरचुदातील तांब्याचाच, असे म्हणणारेही निघाले. पुरावा घटनेनंतरचा असला की असा वाद राहतोच.

१९९२ साली या विषाची रासायनिक रचना उलगडली आणि त्याला सिलिंड्रोस्पर्मोप्सिन हे नाव मिळाले. निम्मे उंदीर मरण्यास लागणारी मात्रा २४ तासांच्या हिशेबाने किलोमागे २.१ मिलिग्रॅम भरली. पाच-सहा दिवस वाट पाहिली तेव्हा ०.२. दुसऱ्याच दिवशी पिंजरा आवरणाऱ्या परीक्षकाला हे विष दहा पटींनी सौम्य भासले असते.

रचना कळल्यावर शोध थेट रेणूचा होऊ लागला. प्रतिद्रव्यांवर आधारलेली एलायझा चाचणी झटपट अंदाज देते, द्रव-वर्णलेखन आणि वस्तुमान-वर्णपटमापन नेमका रेणू ओळखतात. जनुक-चाचणी शेवाळाची विष बनवण्याची क्षमता दाखवते. विष पाण्यात आहेच, असे ती म्हणत नाही.

या साधनांची कसोटी ब्राझीलमधील कारुआरू येथे लागली. १९९६ च्या फेब्रुवारीत तेथील एका डायलिसिस केंद्रात दूषित पाणी वापरले गेले. डायलिसिसमध्ये पाणी आणि रक्त यांमध्ये केवळ एक पातळ पडदा असतो. शंभर रुग्णांचे यकृत निकामी झाले. ५२ मृत्यू या विषबाधेचे मानले गेले. मृतांच्या रक्तात आणि यकृतात मायक्रोसिस्टिन हे विष सापडले. केंद्राच्या गाळणीतील कोळसाही तपासला गेला. त्यात मायक्रोसिस्टिनबरोबर आणखी एक विष निघाले: पाम बेटाचे सिलिंड्रोस्पर्मोप्सिन.