आधी ओळख, मग फवारणी

पॉलिहाऊसमधल्या ढोबळी मिरचीवर फुलकिडे दिसले की आम्ही शेतकरी एकच म्हणतो, 'थ्रिप्स आलाय.' दुकानदार बाटली देतो, विषय संपला. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. पण थ्रिप्स कोणता, हे विचारतो कोण?

अमेरिकेच्या पश्चिम भागातला एक फुलकिडा १९८३ मध्ये नेदरलँड्सच्या हरितगृहांत सापडला आणि बघता बघता युरोपभर पसरला. नेहमीची बरीच औषधं त्याला लागू पडेनात. शेवटी ढोबळीवाल्या डच उत्पादकांनी मित्रकीटक सोडले, तेव्हा कुठे तो आटोक्यात आला.

आपल्याकडे 'थ्रिप्स पार्विस्पायनस'ची पहिली नोंद २०१५ ची, पपईवरची. २०२१ मध्ये त्याने आंध्र-तेलंगणातली मिरची झोपवली. जुना फुलकिडा कोवळ्या पानांवर, हा मुख्यतः फुलांत. लोक मात्र जुनाच समजून फवारत राहिले. फुलं गळाली, कर्ज राहिलं.

मधली सहा वर्षं आपण काय केलं? जेमतेम मिलिमीटरभराचा हा कीडा भिंगाखाली ओळखून सांगणारा माणूस प्रत्येक तालुक्याला हवा. अनुदान औषधावर देता ना? थोडं ओळखीवरही द्या.