गोळी सुरू केल्याची तारीख

औषधाने अंगावर पुरळ उठणे तसे नेहमीचेच. बहुतेकदा औषध थांबवले की ते ओसरते. इथे विषय आहे तो त्या मोजक्या रुग्णांचा, ज्यांची त्वचा भाजल्यासारखी सुटू लागते. असे रुग्ण क्वचितच आढळतात आणि त्वचा, डोळे, मेंदू, अतिदक्षता अशा विभागांत विखुरलेले असतात. अभ्यासही तसाच विखुरला. तो सलग वाचावा असा आहे, आणि त्यासाठी डॉक्टर असण्याची अट नाही.

1922 मध्ये स्टीव्हन्स आणि जॉन्सन या अमेरिकी डॉक्टरांनी ताप, पुरळ आणि तोंडाडोळ्यांचा तीव्र दाह झालेल्या दोन मुलांची हकीकत नोंदवली. 1956 मध्ये ॲलन लायेल यांनी याहून भीषण रूपाचे वर्णन केले. आज ही एकाच आजाराची रूपे मानतात: दहा टक्क्यांहून कमी त्वचा सुटली तर स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, तीस टक्क्यांहून अधिक सुटली तर टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस.

नव्या वाचकांनी मात्र या नावांत अडकू नये. तारखांपासून सुरुवात करावी. फिट्ससाठी कार्बामॅझेपिन, युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल किंवा एखादी सल्फाची गोळी सुरू होते. साधारण चार दिवस ते चार आठवड्यांत ताप येतो, घसा धरतो, डोळे चुरचुरतात, तोंड येते. घरात उष्णता झाली म्हणून सब्जा दिला जातो आणि गोळी चालूच राहते. मग त्वचा दुखू लागते. खाजेपेक्षा हे दुखणे महत्त्वाचे. बोटाने हलकेच घासले तरी वरचा पापुद्रा सरकतो. गोळी कधी सुरू केली हे तुम्हाला सांगता आले, तर दोषी औषध लवकर ओळखून थांबवता येते. फिट्सची गोळी स्वतःहून बंद करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

या क्षेत्राला खरा अभिमान वाटावा असे काम तैवानमध्ये झाले. कार्बामॅझेपिनने हा आजार झालेल्या हान चिनी वंशाच्या 44 रुग्णांपैकी प्रत्येकात एचएलए-बी*15:02 हा जनुकप्रकार सापडल्याचे 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे तिथेच 4,800 हून अधिक लोकांची गोळीआधी तपासणी केली. हा जनुकप्रकार असलेल्यांना ती गोळी दिली नाही. त्या सगळ्यांत हा आजार एकालाही झाला नाही. हा धोका सर्व वंशांत सारखा नाही, म्हणून भारतीय रुग्णांच्या नोंदी मोलाच्या. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे अशी नोंद डॉक्टरांप्रमाणे रुग्णालाही करता येते.