रक्तातली साखर आणि पेशीचे दार

मधुमेह हा गादीवर बसणाऱ्यांचा रोग, राबणाऱ्याला तो व्हायचा नाही, असे आम्ही खाप्यात विणकरांकडून आणि मँगनीजच्या खाणीतील मजुरांकडून पुष्कळदा ऐकले. खरे सांगायचे तर सभांतून आम्हीही तसेच बोललो. पुढे आमचाच एक विणकर सोबती दिवसेंदिवस वाळत चालला. रक्त तपासले, तो साखर बेसुमार! गोदाम भरलेले आणि घरात चूल थंड, हे आम्ही संपात पाहिले होते. शरीरातही तसे घडते हे ठाऊक नव्हते.

टोरांटो येथे १९२१ साली बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन मिळवले. १९२२ च्या जानेवारीत, कॉलिप यांनी शुद्ध केलेल्या इन्सुलिनने लेनर्ड थॉम्पसन हा चौदा वर्षांचा मुलगा सावरला. पण इन्सुलिन नेमके करते काय? १९४९ साली शिकागोत लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांना गॅलॅक्टोज दिले. ही साखर स्नायूंना जाळता येत नाही. तरी इन्सुलिन देताच ती रक्तातून स्नायूंत शिरली. म्हणजे इन्सुलिनचे काम चुलीपाशी नसून दारापाशी आहे. १९८० साली अमेरिकेतील दोन गटांनी उंदरांच्या चरबीपेशींत दाखवले की साखर आत नेणारी प्रथिने पेशीच्या पोटात सूक्ष्म पिशव्यांत असतात आणि इन्सुलिनचा निरोप येताच पृष्ठभागावर येतात. स्नायू व चरबीतील या वाहकाची ओळख त्याच दशकाच्या अखेरीस पटली. त्याचे नाव ग्लुट-४. मधुमेहात एक तर निरोप धाडणारे इन्सुलिनच नसते, किंवा पेशी त्याला दाद देत नाही.

श्रमाचा निरोप मात्र वेगळ्या वाटेने जातो. चघळणाऱ्या घोड्याच्या जबड्याचा स्नायू रक्तातून अधिक साखर ओढतो, हे फ्रान्समध्ये शोव्हो व काउफमान यांनी १८८७ सालीच मोजले होते. आज कळते की आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनवाचूनही ग्लुट-४ वर आणतो.

मग राबणारा सुरक्षित का नाही? डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर स्त्रिया व त्यांची बालके अभ्यासली. तेथील नवजात बालके सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बालकांत मांस फार कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. अशा देहाला पुढे मधुमेहाचा धोका अधिक. आईची उपासमार लेकराच्या स्नायूंत उतरते, ती अशी.

म्हणून मजुरीच्या मागणीबरोबर रक्ततपासणीची आणि गरोदर बाईच्या पोषणाची मागणीही आम्ही मांडतो. आणि सोबत्यांनो, घाम गाळतो म्हणून औषध सोडू नका. श्रमाने दार उघडते, पण रोग संपत नाही.