नामांतराचा लढा आणि आपली मुले



विहाराच्या स्मरणिकेत विद्यापीठाचा इतिहास कशाला, असे कोणी विचारील. आपल्या चाळीसगावहून कन्नडचा घाट चढला की औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, दूर नाही. तिथल्या विद्यापीठाच्या गेटवर बाबासाहेबांचे नाव आहे. दर १४ जानेवारीला लोक त्या गेटला अभिवादन करायला जातात. पण ते नाव तिथं कसं लागलं, हे आपण पोरांना सांगतो का?

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. परिसराचे नाव नागसेनवन. ही नावे उगीच नाहीत. मिलिंद राजा प्रश्न विचारायला आला, तेव्हा भिक्खू नागसेनाने अट घातली. पंडितासारखी चर्चा करणार असाल तर बोलू, राजासारखी करणार असाल तर नाही. कारण पंडित चुकला तर कबूल करतो, राजा मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा देतो. विद्येचे स्वातंत्र्य म्हणतात ते हेच.

मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली निघाले. त्याला बाबासाहेबांचे नाव द्यावे, ही मागणी दलित विद्यार्थी आणि पँथरच्या तरुणांनी लावून धरली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला. आणि मराठवाडा पेटला. खेड्यांत आपली घरे जाळली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना ठार मारले. ज्यांनी कॉलेजचे तोंड पाहिले नव्हते, त्यांनी नावाची किंमत मोजली.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. विरोधातही विद्यार्थीच होते. ते मराठवाड्याची अस्मिता सांगत होते. मत मांडायचा त्यांना हक्क होता. पण घरांना आग लागली तिथं चर्चा संपली, राजाची शिक्षा सुरू झाली. म्हणून मोर्चा विद्यार्थ्यांचा आहे एवढ्यावर तो न्यायाचा ठरत नाही. उलट युवक क्रांती दलातले व समाजवादी चळवळीतले सवर्ण तरुण नामांतराच्या बाजूने उभे राहिले, हेही विसरू नये.

१९७९ साली प्रा. जोगेंद्र कवाडे यांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च काढला. लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भरले. १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. ठरावानंतर साडेपंधरा वर्षांनी!

आता आपल्याकडे बघा. जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली निघाले. २०१८ साली त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव दिले. अक्षर न शिकलेल्या, पण शहाण्या माउलीचे नाव. एकही घर जळले नाही. आपल्यालाही आनंदच झाला. मग कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळवलेल्या माणसाच्या नावाला एवढे रक्त का लागले? याचे उत्तर नावात नाही, जातीत आहे.

बांधवांनो, गेटला हार घालून भागणार नाही. आपली मुलगी वर्गात उठून प्रश्न विचारते का, आणि घरी तिने आपल्यालाच प्रश्न केला तर आपण नागसेन होतो की राजा होतो, हे ज्याने त्याने बघावे.

जयभीम! नमो बुद्धाय!